होल्डवरच्या अक्का

फोन उचलला की अक्का 'हॅलो' म्हणत नसत, 'जळगाव' म्हणत. आयुष्यातली तीसेक वर्षं टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडण्यात गेली, त्याचा हा परिणाम. पलीकडे मुंबई असो, नागपूर असो, नाहीतर कोपऱ्यावरचा किराणावाला असो, अक्का ताठ बसून, पदरानं मोबाइल पुसून स्वच्छ आवाजात म्हणायच्या, "जळगाव, बोला." किराणावाला बिचारा गडबडून जायचा. शेवटची दोन वर्षं त्या धुळ्याला लेकीकडे राहायला गेल्या, तरी फोनवर 'जळगाव'च राहिलं. मी एकदा म्हटलं, "अक्का, आता धुळे म्हणा की." तर म्हणाल्या, "माझी बदली झालेली नाही. मी रजेवर आहे."

आम्ही त्यांचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे अक्का मला पहिल्या दिवसापासून 'मास्तर' म्हणत आणि अरे-तुरे करत. माझी बायको सुषमा मात्र 'सुषमाबाई'. दोघांत कोण शहाणं आहे याचा निकाल त्यांनी असा परस्पर लावून टाकला होता.

निवृत्तीनंतर बायका भजनी मंडळात जातात, कोणी लोणच्या-पापडाचा धंदा करतात. अक्कांनी वेगळाच उद्योग धरला. लोकांच्या क्रेडिट कार्डाच्या बिलात न मागितलेल्या सेवांचे पैसे लागतात ना, कुठलं तरी कवच, कुठली तरी ढाल, कसलीशी सदस्यता, ते पैसे त्या परत मिळवून देत. फुकट. सुरुवात भिशीतून झाली. एका बाईनं पर्समधून बिल काढून विचारलं, "अक्का, हे काय असेल हो?" अक्कांनी चष्मा लावला, स्टीलची पट्टी मागवली आणि एकेका ओळीखाली पट्टी सरकवत बिल मोठ्यानं वाचलं. चौथ्या ओळीवर पट्टी थांबली. त्या दिवसापासून भिशीत बायका पैशांबरोबर बिलंही आणू लागल्या.

अक्कांची पद्धत ठरलेली होती. फोन लागला की आधी समोरच्याचं नाव विचारायचं, घड्याळात पाहून वेळ लिहायची, तक्रारीचा नंबर घ्यायचा आणि तो परत म्हणून दाखवायचा. मग दोनच वाक्यं. "ही सेवा मी मागितलेली नाही. मागितल्याचा पुरावा दाखवा." समोरचा योजनेचे फायदे सांगायला लागला, की त्या पूर्ण ऐकून घेत आणि पुन्हा तीच दोन वाक्यं म्हणत. आवाज चढवायचा नाही, काना-मात्रा बदलायची नाही. मी एकदा त्यांना सलग अकरा वेळा ती वाक्यं म्हणताना ऐकलं आहे. अकराव्या वेळीही त्यांचा स्वर पहिल्याइतकाच गोड होता. पलीकडच्या माणसाचा मात्र राहिला नव्हता.

बाकी वेळ जायचा तो होल्डवर. ते संगीत सुरू झालं, की आपण वैतागतो, अक्का खूश व्हायच्या. मोबाइल स्पीकरवर टाकून पालथ्या पातेल्याला टेकवून ठेवायचा आणि भाजी निवडायला घ्यायची. किती वेळ थांबावं लागलं हे त्या मिनिटांत सांगत नसत. "आज मेथीच्या दोन जुड्या होल्ड झाला," म्हणायच्या. लसूण सोलण्याएवढा होल्ड म्हणजे बरी बँक. थंडीत एकदा त्यांनी भरताची वांगी भाजायला ठेवली होती. वांगी भाजून झाली, सोलून झाली, मिरच्या-लसूण ठेचून फोडणी बसली, तेव्हा कुठे पलीकडून माणूस आला. तक्रार मिटेपर्यंत आमचं जेवण तयार होतं. सुषमा म्हणाली, "या बँकेचं भरीत छान झालंय."

शेजारच्या गल्लीतले कापडवाले शेठजी हे त्यांचं गाजलेलं प्रकरण. शेठजींच्या कार्डावर दर महिन्याला दोनशे रुपये लागत होते, कुठल्याशा दंत आरोग्य योजनेचे. शेठजींना कवळी बसून दहा वर्षं झालेली. ते हात जोडून म्हणाले, "अक्का, छोडो ना. दोनशे रुपयांसाठी कुठं फोन करत बसायचं?" अक्का म्हणाल्या, "शेठजी, तुमच्या दुकानातून कोणी न विचारता दोनशेचा ब्लाउजपीस उचलून नेला तर?" शेठजी ताडकन उठून खुर्ची पुढे ओढून बसले. मग अक्कांनी फोनवर सांगितलं, "यांचे दात वाटीत ठेवलेले असतात. विमा काढायचाच तर वाटीचा काढा, ती चिनी मातीची आहे." पलीकडची मुलगी इतकी हसली की तिला बोलता येईना. पैसे व्याजासकट परत आले. शेठजींनी साडी पाठवली, ती अक्कांनी परत पाठवली आणि निरोप दिला, की उपकार फेडायचे असतील तर दुकानात बसणाऱ्या सगळ्यांची बिलं घेऊन या.

एक गोष्ट मात्र त्यांना खपत नसे. कोणी फोनवरच्या मुलीवर ओरडलं, की अक्का फोन काढून घेत. "खुर्चीवरच्या पोरीला बोलायचं नाही," त्या म्हणत. "मी त्या खुर्चीवर बसलेय. लाइन मिळाली नाही की सगळं जळगाव मला शिव्या द्यायचं, जशी काही तार मीच तोडली. बोलायचं ते तिच्या मागच्या सायबाला." प्रत्येक फोनच्या शेवटी त्या पोरीला नाव घेऊन विचारत, "आज कितवा फोन माझा?" कुणी साठावा म्हणे, कुणी ऐंशीवा. मग अक्का चुकचुकत. "कानाला तेल घाल गं रात्री," असा सल्ला त्यांनी देशभरातल्या किती मुलींना दिला असेल, देव जाणे.

आता माझं स्वतःचं सांगतो. मला सांगायला लाज वाटते, कारण मी गणिताचा मास्तर. शाळेत एका मेळाव्यात टेबल मांडून बसलेल्या पोरांनी मला एक कार्ड दिलं. मी ते दोनदा वापरलं, पैसे भरले आणि कपाटात टाकून विसरलो. मग आई आजारी पडली. धुळ्याजवळच्या आमच्या खेड्यातून तिला मी त्याआधीच इकडे आणली होती. तिचं दुखणं, दवाखाना आणि मग तिचं जाणं, यात वर्ष कसं गेलं ते कळलं नाही. बिलं ईमेलवर येत राहिली आणि मी एकही उघडलं नाही.

आई गेल्यावर सहा-सात महिन्यांनी आम्ही असोद्याच्या रस्त्याला एक लहानसं घर पाहिलं. दोन खोल्या, पुढे थोडं अंगण. मालकाला पन्नास हजार बयाणा दिला. महिनाअखेर कर्ज मंजूर झालं नाही तर घर दुसऱ्याला आणि बयाणा बुडाला, असं कागदावर लिहिलेलं. कर्जाच्या कचेरीत साहेबानं संगणकात पाहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात कॉपी करताना सापडलेल्या पोराकडे मी पाहतो. "सर, तुम्ही थकबाकीदार आहात." त्या विसरलेल्या कार्डावर 'सुरक्षा कवच' नावाची एक योजना चालू होती, महिना तीनशे नव्व्याण्णव. त्यावर उशिराचा दंड, दंडावर व्याज, व्याजावर कर. एकूण सतरा हजारांच्या वर. "भरून टाका आणि पावती आणा, मग बघू," साहेब म्हणाले.

मी भरायलाच निघालो होतो. जिन्यात अक्कांनी अडवलं. "भरू नकोस. भरलंस म्हणजे तू थकवलं होतंस हे मान्य केलंस. पैसेही जातील आणि कागदावर नावही तसंच राहील. चूक त्यांची होती, हे त्यांच्याकडून लिहून घे."

"आणि महिनाअखेर?"

"अजून बावीस दिवस आहेत."

ते बावीस दिवस मी कसे काढले ते सुषमाला विचारा. अक्कांनी तक्रार केली, नंबर घेतला. वरच्या अधिकाऱ्याकडे केली, नंबर घेतला. पोहोच देणाऱ्या टपालानं पत्र धाडलं. दर वेळी उत्तर एकच, 'ग्राहकाच्या संमतीनेच सेवा सुरू करण्यात आली आहे.' दहा दिवस उरले, आठ उरले, सहा उरले. एका संध्याकाळी माझा तोल गेला. मी म्हणालो, "अक्का, तुमच्या हट्टापायी माझं घर जाणार. तुमचा वेळ जात नाही म्हणून तुम्हाला हे खेळ सुचतात." बोललो आणि जीभ चावली, पण शब्द गेलेच होते. अक्का भाजीची परात उचलून आत गेल्या.

सकाळी मी माफी मागायला खाली उतरलो, तर त्या तयार होऊन बसलेल्या. म्हणाल्या, "रात्रभर विचार केला. तू म्हणतोस ते खोटं नाही, माझा वेळ जात नाही. घर गेलंच तर बयाणा फिटेपर्यंत तुझं भाडं मी घेणार नाही. चालेल? मग आता बस इथं. आज बोलायचं तू." मी तिथंच ओशाळून खुर्चीवर बसलो. असल्या माणसाशी भांडायची सोयच नसते.

फोन स्पीकरवर टाकला. दीड जुडी मेथीनंतर तक्रार विभागाचा एक तरुण अधिकारी लाइनवर आला. आवाजावरून पंचविशीतला, अदबशीर. मी घोकलेली दोन वाक्यं म्हटली. ही सेवा मी मागितलेली नाही, मागितल्याचा पुरावा दाखवा.

"सर, रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे," तो म्हणाला. "होकार अगदी स्पष्ट आहे. नियमानुसार पाठवता येणार नाही, पण ऐकवू शकतो."

आपणच कधीतरी घाईत 'हो' म्हणून बसलो असणार, असं मला वाटायला लागलं. अक्कांनीही चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग थोडी खरखर झाली आणि एका मुलीचा आवाज आला, माझं पूर्ण नाव घेऊन विचारणारा, सर आहेत का म्हणून.

"तो शाळामा गयेल शे. फोन आठेच इसरी गया. मी त्यानी माय शे."

आई होती.

मागे आमच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी फोन घरी विसरून शाळेत गेलो होतो त्या दिवशीचा, दुखणं सुरू व्हायच्या आधीचा तो आवाज, चांगला खणखणीत. मुलगी योजनेचं सांगू लागली आणि आईनं तिला मध्येच थांबवलं. "ते ऱ्हाऊ दे. तू कोठली शे व बेटा?"

"मी... साक्रीची, काकू."

"साक्रीनी? आते माय! मना मामानं गाव शे ते. जेवनी का तू?"

"नाही काकू. टार्गेट झाल्याशिवाय जेवायची सुट्टी नाही."

"दोन वाजी गयात ना! कितलं बाकी शे तुनं?"

"एकच राहिलंय, काकू."

"मंग आमनंच लिखी ले. आनि आधी जेवी ले."

मुलीनं हळू आवाजात विचारलं, "सरांच्या कार्डवर चालू करू ना, काकू?"

"कर बेटा, कर. पन आधी जेवी ले. उपाशी नको ऱ्हाऊ."

रेकॉर्डिंग संपलं. आमच्या खेड्यात दारी आलेलं माणूस रिकाम्या पोटी परत गेलं, तर आईला दिवसभर चैन पडत नसे. बोहारीण असो, पोस्टमन असो, आधी जेवण आणि मग काम. फोनवरून आलेल्या माणसाला ती वाढू शकत नव्हती, म्हणून तिनं मुलाचं कार्ड वाढलं होतं.

पलीकडून तो अधिकारी म्हणाला, "सर, हा आवाज कार्डधारकाचा नाही, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. हा होकार तुम्ही अमान्य करता, असं फक्त एकदा सांगा. लगेच सगळी रक्कम उलटी करतो, बिल शून्य होईल."

मला ते सांगता येईना. आईनं त्या पोरीला शब्द दिला होता आणि मी तो मोडायचा? माझ्या तोंडून आलं, "राहू द्या. मी भरतो पैसे."

सुषमा दारात उभी होती, तिनं कपाळाला हात लावला. अक्कांनी मात्र खुर्ची माझ्याजवळ ओढली. "मास्तर, नीट बघ," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या मायनं त्या पोरीला जेवायला सोडलं. पोर जेवली. मायचा शब्द तिथं पुरा झाला, तो कोणी मोडत नाही. हे महिन्याचे तीनशे नव्व्याण्णव तिनं दिलेले नाहीत. ते तिच्या नावावर सायबानं काढून घेतले. तिच्या चांगुलपणावर दंड आणि व्याज लावलं रे त्यांनी. ते भरणार तू?"

मी डोळे पुसले आणि फोनमध्ये म्हणालो, "हा होकार मला अमान्य आहे."

"धन्यवाद, सर. रक्कम आजच उलटी होईल. थकबाकीची नोंद चुकीची होती असं पत्र परवापर्यंत ईमेलवर येईल, ते कर्जाच्या कचेरीत दाखवा."

"आणि त्या साक्रीच्या पोरीचं?" अक्कांनी विचारलं.

"मॅडम, तिची चौकशी..."

"तिच्या पगाराला हात लावलात तर मी पुन्हा फोन करीन. रोज करीन. मला वेळ भरपूर आहे, हे कालच मास्तरांनी सांगितलंय."

तो मुलगा पहिल्यांदाच हसला. म्हणाला, तसं काही होणार नाही, मी नोंद करून ठेवतो. अक्कांनी त्याचं नाव लिहिलं, वेळ लिहिली, नंबर घेतला, परत म्हणून दाखवला. घर वाचलं होतं. सुषमा आत जाऊन देवापुढे साखर ठेवत होती.

"मग तक्रार बंद करू, मॅडम?"

"बंद केली की हे रेकॉर्डिंग परत ऐकता येईल?"

"नाही, मॅडम. मग फाइल निघत नाही."

"मग थांब. बंद करू नकोस," अक्का म्हणाल्या. "मला नीट ऐकू आलं नाही. परत लाव."

शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला होता. स्वयंपाकघरात सुषमालाही आला होता. त्या मुलालाही ते कळलं असावं, कारण तो काही न विचारता 'हो, लावतो' एवढंच म्हणाला. कुकरची शिट्टी झाली. आईनं साक्री विचारली, मामाचं गाव सांगितलं, जेवायला लावलं. संपलं.

"लाइन खराब आहे तुमची," अक्का म्हणाल्या. "अजून एकदा लाव."

तिसऱ्यांदा आई बोलू लागली, तेव्हा मला आवरेना. मी शाळकरी पोरासारखा हुंदके देऊन रडू लागलो. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नुसता हात पुढे केला आणि माझं रडणं पलीकडे जाऊ नये म्हणून मोबाइलच्या खालच्या टोकावर तळवा घट्ट दाबून, आई संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या.